चार पॉइंट दहा

आमच्या समोरच्या दारात घाडी राहतात. चंद्रप्रकाश आणि जानकी. मुलुंड पूर्वेला नवघर रोडवरून आत वळलं की आमची बिल्डिंग लागते. तिसऱ्या मजल्यावर आमची दारं समोरासमोर, आणि झोपायची वेळ सोडली तर दोन्ही उघडीच. त्यामुळे मी जे सांगतेय त्यातलं बरंचसं डोळ्यांनी पाहिलेलं आहे. काही जानकीने सांगितलं, आणि मालाडला काय झालं ते रुचिराने; ती पुढे येईलच.

चंद्रप्रकाशभावोजींचे वडील लालबागला गिरणीत होते. गिरणी बंद झाल्यावर तिथली खोली विकून ते मुलुंडला आले. भावोजी एका कोचिंग क्लासच्या शाखांमधले कॉम्प्युटर सांभाळतात. घाटकोपर, भांडुप, ठाणे, जिथे बंद पडेल तिथे जायचं. माणूस अबोल. जानकी कणकवलीकडची, तिचं तोंड मात्र सदा चालू. चिडली किंवा घाबरली की मराठीतून थेट मालवणीत उतरते, मग पोरीचं 'चेडू' होतं.

त्यांना एकच मुलगी, श्रुतिका. जन्माच्या वेळी ती अडकली, मेंदूला प्राणवायू कमी पडला. पाय चालले नाहीत, डावा हात थोडा चालला, आणि शब्द कधीच आले नाहीत. डोकं मात्र शाबूत. सगळं कळायचं तिला. बाप दमून आलाय हे त्याच्या चपलेच्या आवाजावरून कळायचं. फक्त सांगता यायचं नाही. घशातून आवाज काढायची, आणि जानकी अंदाज बांधायची: भूक आहे का गं? पंखा हवाय? पाय अवघडला का? अंदाज चुकला की श्रुतिका रडायची, आणि दोघी थकून जायच्या.

ती आठ वर्षांची असताना, अशा मुलांसाठीच्या ज्या थेरपी सेंटरमध्ये ती जायची तिथल्या दर्शना मॅडमनी एक टॅबलेट दिला. त्यांचं काम मुलांना बोलतं करायचं. टॅबलेटमध्ये 'बोलपाटी' नावाचं ॲप होतं. पडद्यावर चित्रं, चित्रावर बोट ठेवलं की टॅबलेट तो शब्द बोलतो. आवाज एका मुलीचा, मशीनवर तयार केलेला, जरा नाकातला. 'ळ' त्याला जमायचा नाही. केळं म्हणायचं तर 'केलं' म्हणायचा.

श्रुतिकाने पहिला शब्द कुठला निवडला असेल? आई नाही, बाबा नाही. 'नको.' आंघोळ नको. पेज नको. झोप नको. डॉक्टर नको. एवढी वर्षं ज्याला-त्याला हो म्हणावं लागलेली पोर, आठवडाभर तिने सगळ्या जगाला 'नको' ऐकवलं. जानकी माझ्या दारात येऊन हसत होती आणि पदराने डोळे पुसत होती. "ऐकतेयस ना? नको म्हणते, नको! माझी पोरगी उलट बोलायला लागली गं!"

मग तर काय विचारता. भावोजींनी तिच्यासाठी वेगळी बटणं करून दिली. 'बांगडा.' 'मामाचा गाव.' 'बाबा, चूप.' हे शेवटचं तिनेच मागून घेतलेलं. भावोजी टीव्हीसमोर बातम्यांवर कधी नव्हे ते काही बोलले, की लगेच आवाज यायचा, "बाबा, चूप," आणि आम्ही समोरच्या घरातही हसायचो. बिल्डिंगमधल्या पोरांनी केळ्याला 'केलं' म्हणायला सुरुवात केली ती तिच्यामुळेच. तो आवाज मशीनचा आहे हे आम्ही विसरून गेलो. आमच्यासाठी तो श्रुतिकाचा आवाज होता.

ते ॲप कुठल्या कंपनीचं नव्हतं. वेगवेगळ्या गावांतली काही मंडळी नोकरी सांभाळून, फुकट, ते तयार करायची आणि आपल्या साइटवर ठेवायची. साइटवर दोन प्रकारच्या आवृत्त्या असायच्या. एक रोज नवी निघणारी, पहिल्या घाण्यातल्या चकलीसारखी, जमलीय की नाही कुणी पाहिलेलं नाही. दुसरी वर्षातून एक-दोनदा येणारी, सगळं तपासून 'स्टेबल' असा शिक्का मारलेली. सुरुवातीला भावोजींना एवढं ठाऊक नव्हतं. नव्यात जास्त शब्द आहेत म्हणून त्यांनी एकदा कच्ची आवृत्ती टाकली. टॅबलेट अडकला. श्रुतिकाची सगळी बटणं पुसली गेली. दुरुस्त व्हायला आठवडा गेला, आणि त्या आठवड्यात ती पोर पडद्यावर बोट आपटून आपटून शेवटी स्वतःचाच हात चावायची.

त्यानंतर भावोजींनी प्रोग्रॅम लिहिला. ऑफिसमध्ये सगळ्या मशीन्सवर नवं सॉफ्टवेअर टाकायचं काम तेच करायचे, त्यामुळे थोडं येत होतं, बाकीचं शिकले. घरातला कॉम्प्युटर रोज आपणहून त्या साइटवर जायचा, स्टेबल शिक्क्याची नवी आवृत्ती आलीय का बघायचा, आली असेल तर उतरवून घ्यायचा आणि फाइल पुरती आली की नाही तेही तपासायचा. मग टॅबलेट वायफायवर आला की तो ती आवृत्ती स्वतःच उचलायचा. दर्शना मॅडमनी ते पाहिलं आणि म्हणाल्या, "घाडी, आमच्या बाकीच्या पालकांना पण हे द्या ना. लोकांची फार धावपळ होते हो." मग एकेक करत वीसेक घरं त्या यादीत आली. मालाडपासून माहुलपर्यंत. काही घरांत तर ते काय करतात हे कुणाला नीट माहीतही नव्हतं. टॅबलेट चालतोय ना, बास.

एक शिस्त मात्र भावोजींनी ठेवली. नवी आवृत्ती आधी श्रुतिकाच्या टॅबलेटवर. ती सगळी चित्रं दाबून बघायची, मोठ्या साहेबासारखी. शेवटी 'चालेल' दाबायची. मग ती बाकीच्या घरांना जायची. एकदा तिने मुद्दाम दिवसभर 'चालेल' दाबलं नाही. बापाला आईस्क्रीम आणायला लावलं, मगच दाबलं.

ती तेराव्या वर्षी गेली.

अशा मुलांच्या छातीत कफ साठतो, अन्न चुकून श्वासनलिकेत जातं. आधीही दोनदा दवाखाना झाला होता. या वेळी ताप उतरेना. मुलुंडमधल्याच एका हॉस्पिटलमध्ये ठेवलं. पहिल्या दिवशी ती टॅबलेटवर 'घरी' दाबत होती. नर्स आली, 'घरी.' डॉक्टर आले, 'घरी.' मी भेटायला गेले तर माझ्याकडे बघून 'घरी.' दुसऱ्या दिवशी डाव्या हाताला सलाईन लावलं, कारण उजव्या हाताची शीर मिळेना. जानकी नर्सला म्हणाली, "ताई, हा हात नको, ती याच हाताने बोलते." नर्स चांगली होती, तिने खूप प्रयत्न केले, पण शीर मिळालीच नाही. त्यानंतर श्रुतिका बोलली नाही. जानकी टॅबलेट तिच्या तोंडासमोर धरून एकेक चित्र दाखवायची आणि विचारायची, हे? हे? हे का गं? टॅबलेट यायच्या आधीसारखं पुन्हा अंदाज बांधणं. त्यातच ती गेली.

त्या वर्षी घाडी गणपतीला गावी गेले नाहीत. भावोजी कामावर जायला लागले. कॉम्प्युटर कोपऱ्यात चालू होताच, तो आपलं काम करत होता. आता आधी तपासणारं कुणी नव्हतं, म्हणून भावोजींनी ती पायरी काढून टाकली. आवृत्ती आली की सरळ सगळ्यांना. बाकी त्यांनी त्या कॉम्प्युटरकडे पाहिलंच नाही.

टॅबलेट जानकीने ठेवला. देव्हाऱ्याच्या फळीवर चार्जिंगला लावलेला असायचा. दुपारी सगळं आवरलं की ती खाली बसायची आणि एक बटण दाबायची. मला माझ्या स्वयंपाकघरात ऐकू यायचं. "आई." थोड्या वेळाने पुन्हा, "आई." जानकी 'ओ' द्यायची. अगदी साधा, कामात असताना देतात तसा. एका सुट्टीच्या दिवशी भावोजींनीही ते ऐकलं. चपला घालून खाली उतरले आणि अंधार पडेपर्यंत आले नाहीत. त्याबद्दल दोघं एकमेकांशी कधी बोलले नाहीत.

असं वर्ष जवळजवळ सरलं. मग रुचिराचा फोन आला.

रुचिरा मालाडला राहते, तिथेच एका मोठ्या दुकानात कॅशवर बसते. नवरा नाही. तिचा मुलगा प्रांजल बोलत नाही, पण चालतो, धावतो, सगळं करतो. तोही बोलपाटीवरच बोलायचा.

"दादा, तुम्हाला त्रास द्यायचा नव्हता," ती म्हणाली. "पण सेंटरच्या टॅबलेटमध्ये नवीन आवृत्ती आलीय, त्यात मुलाचा आवाज आहे. आमच्याकडे ती येतच नाहीये. प्रांजल चौदाचा झाला हो. खाली खेळायला गेला की पोरं त्याला 'ए ताई' म्हणून चिडवतात. महिना झाला, तो टॅबलेट हातातच घेत नाही. गप्प बसून असतो."

भावोजी बऱ्याच महिन्यांनी त्या कॉम्प्युटरसमोर बसले. प्रोग्रॅम रोज साइटवर जात होता आणि रोज लिहीत होता, नवीन काही नाही. चूक सापडायला वेळ लागला नाही. आधीची आवृत्ती होती चार पॉइंट नऊ. तिच्यानंतर आली चार पॉइंट दहा. आपण म्हणतो नऊच्या पुढे दहा. पण प्रोग्रॅम त्याला शाळेतल्या दशांशासारखं वाचत होता. चार पॉइंट दहा म्हणजे चार पॉइंट एक, आणि ते नऊपेक्षा लहान. त्यामुळे नवी आवृत्ती समोर दिसूनही तो तिला जुनी समजून सोडून देत होता. म्हणजे वीस घरं श्रुतिका गेली त्या सुमाराच्या आवृत्तीवरच थांबली होती.

भावोजींनी चूक सुधारली, पण पुढे पाठवली नाही. न तपासता एवढा मोठा बदल सोडायला त्यांचं मन धजेना, आणि फळीवरच्या टॅबलेटला हात लावणं जमेना. रुचिराला म्हणाले, "मी रविवारी तुमच्याकडे येतो. प्रांजलच्याच टॅबलेटवर बघू."

रविवारी लिंक रोडची बस पकडून ते मालाडला गेले. रुचिराने चहा ठेवला. प्रांजल खिडकीजवळ पाठ करून बसला होता. उंच झालेला, ओठावर कोवळी लव. रुचिराने टॅबलेट आणून त्याच्या मांडीवर ठेवला. "अरे, काका लांबून आलेत. काहीतरी विचार ना त्यांना."

त्याने नाखुशीने तीन चित्रं दाबली.

"काका, केलं खाणार?"

रुचिरा सांगत होती, भावोजींच्या हातातली बशी तशीच राहिली. ते तिला म्हणाले नाहीत की माझ्या मुलीचा आवाज आहे. त्यांना माहीत होतं की हा आवाज त्या वीसच्या वीस घरांत आहे. त्यांनीच तर तो पोचवला होता. पण माहीत असणं वेगळं. भर दुपारी दुसऱ्याच्या घरात, दुसऱ्याच्या पोराच्या मांडीवरून तो आवाज आपल्याला काहीतरी विचारतो, आणि तेही 'ळ' चुकवून...

"अजून बोल रे बाळा," ते प्रांजलला म्हणाले. "काहीपण बोल."

त्याने दाबलं. "गरम होतंय." "आई कामावर जाते." "मला कुत्रा आवडतो." भावोजी ऐकत राहिले.

तोवर रुचिराच्या लक्षात आलं. ती म्हणाली, "दादा, राहू दे. नका बदलू. आमचं चालतंय असंच. खरंच."

प्रांजलने आईकडे पाहिलं. मग भावोजींकडे. मग टॅबलेटवर एक बोट टेकवलं.

"नको."

आणि पुन्हा, जोरात, "नको. नको."

भावोजींनी टॅबलेट हातात घेतला आणि चार पॉइंट दहा चढवली. त्यात दोन नवे आवाज होते, एक मुलाचा, एक मुलीचा, दोन्ही स्वच्छ, सगळे 'ळ' जागेवर. जुना आवाज त्या मंडळींनी काढून टाकला होता. भावोजींनी मुलाचा निवडला. प्रांजलने स्वतःचं नाव दाबलं. "माझं नाव प्रांजल." थोडा घोगरा, फुटू घातलेला आवाज. पोरगा आधी दचकला. मग त्याने आवाज पूर्ण मोठा केला, गॅलरीत गेला आणि खालच्या पोरांना ऐकू जाईल असा टॅबलेट कठड्यावर धरून दाबलं, "मी येतोय!" चप्पल न घालताच जिना उतरून गेला. रुचिरा तोंडात पदर धरून रडत होती, आणि भावोजी तिथेच, तिच्या ओट्याशी उभं राहून, फोनवरून घरच्या कॉम्प्युटरला सांगत होते की आता सगळ्यांना सोड.

वीस घरांचा विचार त्यांनी केला. कुठल्या मुलाचा टॅबलेट जुना आहे, माहुलच्या त्या घरात वायफाय संध्याकाळीच येतं, हेसुद्धा. स्वतःच्या घराचा विचार राहून गेला.

मी कणीक मळत होते. जानकी माझ्या दारात आली, टॅबलेट दोन्ही हातांत, जसं गरम भांडं धरतात तसा.

"वहिनी, ऐक." तिने बटण दाबलं.

"आई." टीव्हीवरच्या जाहिरातीत बोलतात तशी कुणीतरी मुलगी. गोड, स्पष्ट, शहाणी.

"हो कोणाचो आवाज?" जानकी म्हणाली. "माझा चेडू खंय गेला? ह्या कोण बोलता माझ्या घरात?"

मी पिठाचे हात घेऊन तशीच तिला धरून बसले. ती पुन्हा पुन्हा दाबत होती, जणू आतमध्ये श्रुतिका मागे सरकून बसली असेल आणि चारदा हाक मारल्यावर पुढे येईल.

भावोजी जिना चढून आले. दारातच त्यांनी तो आवाज ऐकला. त्यांना सगळं एका क्षणात समजलं, ते त्यांच्या चेहऱ्यावर मला दिसलं.

"ह्यां काय केलात तुम्ही?" जानकी म्हणाली. ओरडली नाही. ओरडली असती तर बरं झालं असतं.

"जानकी, माझ्या ध्यानात नाही आलं गं. थांब. आहे माझ्याकडे जुनी. आत्ता आणतो. आत्ता." बूटसुद्धा न काढता ते कॉम्प्युटरवर बसले. प्रोग्रॅम मागच्या काही आवृत्त्या ठेवून द्यायचा, त्यांत चार पॉइंट नऊ होती. श्रुतिकाची बटणंही सुरक्षित होती. पासवर्ड दोनदा चुकला. शेवटी झालं. त्यांनी टॅबलेट जानकीच्या पुढे धरला आणि स्वतः दाबलं. वर्षभरात पहिल्यांदा.

"आई."

तोच आवाज. जरा नाकातला. मी पण श्वास सोडला.

जानकीने 'ओ' दिला नाही. टॅबलेटकडे बघत राहिली. मग म्हणाली, "आता नको."

"अगं, तोच आहे. काही बदललं नाही. परत नाही जाणार, मी यादीतून काढलाय आपला."

"तोच आहे हो. पण तुम्ही काढलात आणि तुम्ही घातलात." तिने टॅबलेट त्यांच्याकडे सरकवला. "काल दुपारपर्यंत ती बोलत होती माझ्याशी. आता मला कळलं ना, कोण बोलतं ते."

ती उठून आत गेली आणि कुकर लावला. भावोजी तिथेच बसून होते. मी माझ्या घरी आले. दार लावावं की उघडं ठेवावं ते कळेना.

त्यानंतर दुपारी तो आवाज कधी आला नाही. महिनाभराने जानकी माझ्याकडे वाटीभर सोलकढी घेऊन आली आणि बसली. बसल्या बसल्या म्हणाली, "श्रुतिकाचा रडणा आठवता तुका? टॅबलेट यायच्या आधीचा?"

"आठवतं ना."

"मी आठवूक बघतंय. येत नाही. तो एक आवाज काढायची बघ, घशातून, पेज आवडली की. तो तरी तिचो होतो ना? आणि मीच तिला सांगायची, अशी ओरडू नको, टॅबलेटवर नीट बोल." "मोबाईलमध्ये सगळे व्हिडिओ पाहिले. सगळ्यांत ती टॅबलेटवरच बोलते."

मी तिच्यासमोर तो आवाज काढून दाखवायचा प्रयत्न केला नाही. मला तो आठवत होता, अजून आठवतो. पण माझ्या तोंडून तो तिचा झाला नसता.

जानकी सध्या कणकवलीला भावाकडे आहे. शिमग्यानंतर येते म्हणालीय. भांडण वगैरे काही नाही, भावोजी दर रविवारी फोन करतात, ती काय जेवलात विचारते. ते स्वतः भात लावतात, कालवण मी पाठवते. नव्या आवृत्त्या आता दर्शना मॅडम सेंटरमध्ये तपासतात आणि मग पुढे सोडतात. भावोजींनी सगळं त्यांच्याकडे दिलं, कॉम्प्युटरसकट. प्रांजलने त्यांना परवा एक संदेश पाठवला, स्वतः बोलून, त्या घोगऱ्या आवाजात. भावोजींनी मला ऐकवला. छान होता. ते म्हणाले, "वहिनी, पोरगा मोठा झाला," आणि कालवणाचं रिकामं भांडं माझ्या हातात देऊन घरात गेले.